लॅपटॉप न नेता स्पितीत फोटो साठवायचे आणि बघायचे कशावर?

रानपाखरू_सहकारनगर
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आम्ही दोघं स्पितीला चाललोय, शिमला-किन्नौरकडून. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, कार्डाचा स्लॉट एकच. रॉ काढते (कॅमेऱ्यातली कच्ची, मोठी फाइल), दिवसाला तीन-चारशे सहज होतात. लॅपटॉप न्यायचा नाही. या विषयावर घरात चर्चा होऊन संपली आहे, तेव्हा ‘हलका लॅपटॉप घ्या ना’ हे उत्तर कृपया नको.

पूर्वी एप्सनचं पी-२००० यायचं. ४० जीबीची हार्ड डिस्क, ३.८ इंची स्क्रीन, कार्ड आत सरकवलं की फोटो उतरले आणि तिथल्या तिथे बघायला मोकळे. आमच्या दिरांकडे होतं आणि माझा त्यावर फार दिवस डोळा होता. आता तसं काही मिळतं का? रोज रात्री कार्डावरचं सगळं दुसरीकडे उतरवायचंय आणि ह्यांना दिवसभराचे फोटो दाखवायचेत. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर ह्यांना चष्मा लावूनही काही दिसत नाही, मग न बघताच ‘छान’ म्हणतात. ते मला चालत नाही.

फोन अँड्रॉइड आहे, सी टाइप. घरात १ टीबीची जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क पडून आहे, तीच नेऊ का?

तीनपायी
ताई, तशी एकात सगळं असलेली डबी आता विसरा. त्या जातीची शेवटची नावाजलेली वस्तू म्हणजे एप्सनचीच पी-७०००, १६० जीबीची, २००८ची. पुढे फोनवरच्या ॲपने फोटो दाखवणारं नार्बॉक्स आलं, तेही बंद पडलं. सेकंडहँड मिळेल, पण बॅटरी म्हातारी झालेली असणार आणि ॲप आजच्या फोनवर चालेल याची खात्री नाही. त्यात पैसे घालू नका.

साठवणं वेगळं ठेवा, बघणं वेगळं. तुमची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी धरा. म्हणजे दिवसाला १० ते १२ जीबी. दहा दिवस म्हटले तरी १२० जीबी. ५०० जीबीची पोर्टेबल एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, पुष्कळ झाली. सोबत सी टाइपचा हब घ्या, ज्यात एसडी कार्डाचा स्लॉट, एक यूएसबी पोर्ट आणि चार्जिंगची वायर लावायची सोय असेल. चार्जिंगची सोय महत्त्वाची, कारण कार्ड आणि एसएसडी दोन्ही फोनच्याच बॅटरीवर चालतात आणि कॉपी चालू असताना फोनने मान टाकली तर पंचाईत.

एसएसडी इथूनच ‘एक्सएफएट’ या प्रकारात फॉरमॅट करून न्या. विंडोजचा ‘एनटीएफएस’ प्रकार बऱ्याच अँड्रॉइड फोनना वाचताच येत नाही. आणि वायर खेचून काढू नका, आधी ‘इजेक्ट’.

सह्यभटक
तीनपायींशी सहमत. पण ती जुनी हार्ड डिस्क घरीच ठेवा, कारण वेगळं आहे. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड फिरत्या तबकडीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की ते तबकडीला टेकायची भीती. म्हणून बहुतेक डिस्कच्या माहितीपत्रकात चालू स्थितीतली उंचीची मर्यादा साधारण ३,००० मीटर दिलेली असते. स्पितीतलं काझा साडेतीन हजारांच्या वर, कोमिक गाव साडेचार हजारांच्या आसपास. बंद करून पिशवीतून नेली तर काही होत नाही, पण रोज रात्री तुम्ही ती तिथेच चालू करणार ना? एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

कट्टर_कार्डवाले
एवढा उपद्व्याप कशाला? ६४ जीबीची चार कार्डं घ्या, भरलं की बदला, पुण्यात येऊन बघा. मी कायम असंच करतो.

तीनपायी
@कट्टर_कार्डवाले काका, त्यांच्या कॅमेऱ्याला स्लॉट एकच आहे. कार्ड गेलं की ते दिवस गेले, दुसरी प्रत नाही. शिवाय त्यांना फोटो रात्रीच दाखवायचेत, दिवाळीला नाही. कार्डं मात्र जास्त घ्यावीत हे मान्य. ताई, परत येईपर्यंत एकही पुसू नका, म्हणजे कार्ड आणि एसएसडी अशा दोन प्रती आपोआप राहतील. त्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, एक तुमच्याकडे, एक तुमच्या ह्यांच्याकडे.

रानपाखरू_सहकारनगर
हार्ड डिस्कचं मला अजिबात माहीत नव्हतं, बरं झालं विचारलं. आता दाखवण्याचं सांगा. फोनची स्क्रीन ह्यांना पुरत नाही. भाच्याचा ११ इंची आयपॅड मिळू शकतो, सी टाइपवाला.

तीनपायी
मग झालंच काम! तोच हब आयपॅडला लावा. आयपॅडओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ‘फाइल्स’मध्ये बाहेरची डिस्क थेट दिसते. कार्डावरून एसएसडीवर तिथूनच कॉपी होईल, फोन मोकळा राहील. एक मात्र करा, कॅमेऱ्यात ‘रॉ + जेपेग’ लावा. रॉ उघडायला वेळ लागतो, जेपेग झटक्यात सरकवता येतात. जागा थोडी जास्त जाईल, ५०० जीबीत भागेल. कॉपी झाली की फाइलींची संख्या जुळवा आणि अधलेमधले पाच-सहा फोटो एसएसडीवरून पूर्ण मोठे करून बघा. नुसती यादी दिसली म्हणजे फाइल धड आहे असं नाही.

बुधवारपेठी
कार्ड आणि एसएसडी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून घ्या नाहीतर ऑनलाइन, पक्कं बिल घ्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवून बघा. पूर्ण भरून परत वाचून बघतं, नकली कार्ड लगेच उघडं पडतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

स्पितीत विजेचा भरवसा नसतो, पॉवर बँक हवीच. विमानाने जाणार असाल तर ती केबिन बॅगेतच, आणि १०० वॅट-अवरच्या आतली. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, ती चालते.

रानपाखरू_सहकारनगर
चंदीगडपर्यंत विमानच आहे, लक्षात ठेवते. शनिवारी बुधवार पेठेत जाते आणि जायच्या आधी एका रविवारी भिगवणला हे सगळं जोडून बघते. हब कुठल्या कंपनीचा घ्यावा हे कोणी वापरलेल्याने सांगा, जाहिरातीतलं नको.

सह्यभटक
कंपनीपेक्षा वायर बघा. हबची स्वतःची वायर आखूड आणि जाड हवी. आणि आयपॅडचं कव्हर जाड असेल तर पिन पूर्ण आत बसत नाही, भाच्याकडून घेताना कव्हरसकट लावून बघा.