"आवाज येतोय ना? मग लाइन चालू आहे" : खान्देशातले डायल-अपचे अनुभव

धागाकर्ता, जळगाव

२००१ च्या श्रावणात मी सलग अकरा दिवस सकाळी उठून १९८, म्हणजे टेलिफोनवाल्यांचा तक्रारीचा नंबर, फिरवत होतो. तक्रार एकच, डायल-अप इंटरनेट (फोनच्याच तारेवरून, नंबर फिरवून जोडायचं ते) जोडलं जातं आणि मिनिटभरात तुटतं. पलीकडचा प्रश्नही ठरलेला : "रिसीव्हर उचला. डायल टोन आहे? आवाज येतोय ना? मग लाइन चालू आहे." तक्रार तिथेच बंद. बाराव्या दिवशी स्वतः टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो. टेबलामागचे साहेब म्हणाले, मोडेम (संगणक फोनच्या तारेला जोडणारा डबा) बदला. मोडेम विकणारा म्हणाला, लाइन बदला. मधल्या तारेला वाली कोणी नाही.

बोलायला पुरते ती लाइन इंटरनेटला पुरतेच असं नाही, एवढं साधं त्या खिडकीवर कोणी ऐकून घेईना. माणसाचा कान खरखरीतूनही शब्द उचलतो, मोडेमला ते जमत नाही. खरखर वाढली की दोन्हीकडची मोडेमं आपसांत ठरवून वेग उतरवतात. मोडेमच्या डब्यावर ५६ के छापलेलं होतं, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट, पण आमच्या पडद्यावर कायम २६,४०० दिसायचं. त्या वेगानं एक एमबी उतरवायला पाच मिनिटांच्या वर लागतात, आणि मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून.

पण मन दुखलं ते मीटरमुळे. इंटरनेट जोडायला फिरवायचा तो १७२ नं सुरू होणारा नंबर लोकल कॉलच्या दरात लागायचा, तीन मिनिटांचा एक कॉल. पलीकडच्या मोडेमनं उचललं की मीटर पडलं. चाळीस सेकंदांत तुटलं तरी अख्खा कॉल. एका रात्री पंधरा वेळा जोडलं, एकही मेल उघडली नाही आणि पंधरा कॉल गेले. दोन महिन्यांचं बिल आलं तेव्हा आबांनी ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि गुपचूप जेवत राहिले. न मिळालेल्या गोष्टीचे पैसे त्यांनी शेतीतून भरले, हे मला आजही बोचतं.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही मोठ्या शहरांत. आपल्याकडे ते पोचलं तेव्हा आणि पोचेपर्यंत तुम्ही काय काय सोसलंत, ते लिहा. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलंही गाव चालेल. टेलिफोनवाल्यांच्या बाजूनं काम केलेल्यांनीही जरूर लिहा.

केळीबाग, रावेर तालुका

आमचं टेलिफोन एक्सचेंज सी-डॉटचं (सरकारी संस्थेनं देशातच बनवलेलं), छोटं. एसीशिवाय खेड्यात चालावं म्हणूनच ते बनवलेलं, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हाची त्याला भीती नव्हती. भीती होती विजेची. वीज गेली की एक्सचेंज बॅटऱ्यांवर चालायचं. २००५ नंतर भारनियमन वाढलं आणि बॅटऱ्या भरायलाच वेळ मिळेना. जनरेटरला डिझेल नसलं की गावातले सगळे फोन एकदम मुके.

जिभाऊंनी संगणक घेतला तो दिल्लीच्या व्यापाऱ्याशी मेलवर बोलता यावं म्हणून. सावदा-रावेरहून केळी रेल्वेनं दिल्लीकडे जायची. माल भरायचा की थांबायचं हे तिकडच्या भावावर ठरायचं. एक्सचेंजपासून आमचं घर लांब, तार सगळी खांबांवरून, केळीच्या बागांमधून आलेली. वादळात बाग आडवी झाली की तारही आडवी. एकदा तीन दिवस मेल उघडली नाही. उघडली तेव्हा व्यापाऱ्यानं दोन दिवसांपूर्वीच लिहिलेलं होतं, भाव पडलेत, कापणी थांबवा. आमची कापणी होऊन गेली होती. कापलेलं केळ परत झाडाला लागत नाही.

तक्रारीच्या वहीत मी लिहिलं, "इंटरनेट चालत नाही." तिथल्या माणसानं खोडून "फोन डेड" लिहायला लावलं. इंटरनेटच्या तक्रारीला वहीत रकानाच नव्हता.

पांझराकाठ, धुळे

वडिलांचं एसटीडी बूथ होतं, त्यातच २००० साली सायबर कॅफे घातला. चार संगणक, मोडेम एक, लाइन एक. एकाच कनेक्शनचे चार वाटे. चारही खुर्च्या भरल्या की कुणाचंच पान पुढे सरकायचं नाही. आधी नुसत्या मजकुराच्या ओळी यायच्या, मग फोटो वरून खाली इंचाइंचानं.

तासाचे तीस रुपये ठरलेले. पान उघडलं नाही तर वडील पैसे घ्यायचे नाहीत. निकालाच्या दिवशी पोरं सकाळी सहापासून ओट्यावर बसलेली असायची, खेड्यातून पहिल्या बसनं आलेली. अशाच एका दिवशी लाइन दुपारी दोनला गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. साक्री तालुक्यातली एक मुलगी आईबरोबर आलेली. माय तिला परत परत विचारत होती, "काय व्हयनं? पास शे का नापास?" वडिलांनी शेवटी पुण्याला मामांना एसटीडी लावून तिचा नंबर सांगितला, त्यांनी तिकडे बघून कळवलं. पास होती. त्या कॉलचे पैसे वडिलांनी घेतले नाहीत. कॅफे आम्ही दीड वर्षात बंद केला.

क्वार्टर, भुसावळ

माझा अनुभव वेगाचा नाही. घरात फोन एक, तार एक. इंटरनेट चालू असलं की बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज टोन. दादा दुबईला नवीन गेलेला, त्याच्याशी रात्री मी चॅट करायचे. २००२ च्या डिसेंबरात एका रात्री साडेनऊ ते साडेअकरा बसले होते, कारण दर पाच मिनिटांनी तुटत होतं आणि बोलणं पुरं होत नव्हतं. बारा वाजता दारावर थाप. चोपड्याहून काकांनी शेजारच्यांकडे फोन केला होता. दोन तास आमचा नंबर लावत होते. आजी गेली होती.

बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण नीट चालणारी लाइन असती तर माझं बोलणं वीस मिनिटांत आटोपलं असतं, हा हिशोब मी अजून करते.

तळोदा

आमच्याकडे स्थानिक नंबर लागायचाच नाही. लांबच्या शहराला एसटीडी लावून इंटरनेट. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर उतरायचे, म्हणून अकराला बसायचं. तेवढंच.

जुना लाइनमन, अमळनेर

मी तीस वर्षं खांबावर चढलो. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं खरं आहे, आणि "आवाज येतोय ना" हे मीही लोकांना म्हटलेलं आहे. आम्हाला तेवढंच तपासायला शिकवलं होतं. टेस्ट फोन लावायचा, टोन आली की तक्रार क्लिअर.

मला कळलं ते एका मास्तरांच्या घरी. त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला आणि एकच आकडा दाबला. डायल टोन थांबली. "आता ऐका," म्हणाले. टोनच्या खाली जे दडलेलं असतं ते तेव्हा ऐकू येतं. तव्यावर फोडणी पडावी तशी चरचर होती. मग मी तार धरून मागे मागे गेलो. तिसऱ्या खांबावर एक सांधा होता, नुसता पिळा देऊन वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. सोडून बघितला तर तांबं हिरवं पडलेलं, बोटांत भुगा झाला. तेवढा सांधा कापून नवा केला. मास्तरांच्या इंटरनेटचा वेग ४० हजारांच्या वर गेला आणि तुटणं थांबलं.

त्यानंतर मी प्रत्येक घरी तो आकडा दाबून ऐकायचो. पण माझ्या भागात शेकडो जोडण्या, सामान वेळेवर नाही, पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी. सांधा करायला चांगलं साहित्य मागितलं की पुढच्या महिन्यात. पिशव्या आम्ही घरून न्यायचो.

रावेरच्या भावांनी रकान्याचं लिहिलं आहे ते अगदी बरोबर. आमच्याही कागदावर डेड, खरखर, क्रॉस टॉक (दुसऱ्याचं बोलणं ऐकू येणं) असंच होतं. "खरखर" लिहायला सांगितलं असतं तर कुणीतरी निदान तार बघायला आलं असतं. हे खिडकीवर बसलेल्यानं लोकांना सांगायला हवं होतं.

धागाकर्ता, जळगाव

लाइनमनकाका, आमच्या गल्लीतल्या खांबावरही एक पिशवी होती. निळी. मी रोज गच्चीवरून बघायचो आणि मला वाटायचं वाऱ्यानं अडकली आहे.