बोल्ट आधी रेडिओचा

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या सिनेमाची पटकथा एकट्या रॉबर्ट बोल्ट या इंग्रज नाटककाराची, असं कुणी म्हणेल. तसं नाही. आधीचा मोठा आराखडा मायकेल विल्सनचा. तो हॉलिवूडच्या काळ्या यादीतला (कम्युनिस्ट ठरवून काम नाकारलेल्यांपैकी), त्यामुळे पडद्यावर त्याचं नाव आलंच नाही. श्रेय पुष्कळ उशिरा मिळालं. संवाद मात्र बहुतांशी बोल्टचे, आणि ती धार रेडिओवरची.

बोल्ट इंग्लंडमधल्या मिलफील्ड शाळेत मास्तर होता, फावल्या वेळात बीबीसीसाठी श्रुतिका लिहायचा. 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' मुळात १९५४ची श्रुतिका, १९६०मध्ये रंगभूमीवर आली आणि १९६६ला तिचा सिनेमा झाला. राजाच्या बाजूने शपथ घ्यायला नकार देणारा आणि कारण विचारलं की गप्प बसणारा थॉमस मोर, आठव्या हेन्रीचा चॅन्सेलर, हा तिचा नायक. नायकाची सगळी ताकद गप्प राहण्यात, आणि माध्यम नुसतं कानांचं! असला विषय रेडिओसाठी घ्यायचा म्हणजे धाडसच.

पुढचा किस्सा तर भन्नाट आहे. १९६१ला अण्वस्त्रविरोधी आंदोलनात बोल्ट तुरुंगात गेला. इकडे 'लॉरेन्स'चं काम अडलं. निर्माता स्पीगल तुरुंगात जाऊन मागे लागला आणि बोल्टने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सही करून सुटका करून घेतली. मोरची गोष्ट लिहिणाऱ्याने! ती सही त्याला पुढे फार सलली.

१९७९च्या पक्षाघातानंतरही त्याच्या नावावर 'द मिशन' हा सिनेमा आहे, तो जरूर बघा.