कौन्सिलची एक बैठक: गाडीत राहणाऱ्यांवर साडेतीन तास, कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यावर एक मिनिटही नाही?

ओसरी:

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत, एका मध्यम आकाराच्या शहरात राहते आहे, पण सिटी कौन्सिलच्या बैठकीला पहिल्यांदा गेले ती मागच्या मंगळवारी. आमच्या मुलांच्या शाळेमागच्या रस्त्यावर दीड वर्षापासून सात-आठ आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशा मोठ्या गाड्या, उभ्या असतात आणि त्यांत माणसे राहतात. अशा मोठ्या वाहनांना रात्री रस्त्यावर उभे राहण्यास बंदी घालणाऱ्या उपविधीचा मसुदा त्या दिवशी चर्चेला होता, आणि त्यासोबत ‘सुरक्षित पार्किंग’साठी, म्हणजे गाडीत राहणाऱ्यांना रात्री थांबता येईल अशा राखीव आवारासाठी, पैशाची मागणीही. बोलणाऱ्यांची रांग इतकी लांबली, की महापौरांनी प्रत्येकाची दोन मिनिटे कापून एक केली, तरीही साडेतीन तास लागले आणि शेवटी विषय पुढच्या महिन्यावर ढकलला गेला.

त्याच विषयपत्रिकेवर, ‘कन्सेंट कॅलेंडर’ नावाच्या गठ्ठ्यात, शहराच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यातला शहराचा वाटा वाढवण्याचा ठराव होता. गठ्ठ्यातले बारा विषय एका मतदानात मंजूर झाले. घरी येऊन जोडलेला अहवाल वाचला, तेव्हा त्या एका ठरावाची वार्षिक रक्कम सुरक्षित पार्किंगसाठी मागितलेल्या रकमेच्या चौपटीहून अधिक निघाली. कर्मचाऱ्यांना विमा मिळू नये असे माझे अजिबात म्हणणे नाही; माझे स्वतःचे औषधपाणी नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यावर चालते. पण मोठी रक्कम चर्चेविना जाते आणि लहान रकमेवर मध्यरात्र होते, हे कसे, हे कुणी जाणकार समजावून सांगेल का? आणि रस्त्यावरून आरव्ही हटवण्याचा अधिकार शहराला नेमका किती आहे?

जमाखर्च:

मी शेजारच्याच एका शहराच्या वित्त विभागात चौदा वर्षे काम करतो आहे, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. विम्यावर चर्चा झालीच नाही असे नाही. ती तुमच्यासमोर झाली नाही. कॅलिफोर्नियाच्या 1953 च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी जाहीर करावी लागते आणि नागरिकांना बोलू द्यावे लागते, परंतु कर्मचारी संघटनांशी वाटाघाटी करणाऱ्या आपल्या प्रतिनिधीला सूचना देण्यापुरती कौन्सिलला बंद दाराआड बसण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. या वाटाघाटी शहराच्या मर्जीवर नाहीत. 1968 च्या मायर्स-मिलियास-ब्राउन कायद्याने त्या बंधनकारक केल्या आहेत. त्यामुळे ठराव उघड बैठकीत येतो तेव्हा करार जवळजवळ पक्का झालेला असतो, आणि त्या वेळी हरकत घेणे म्हणजे पंगत उठताना आमटीत मीठ कमी आहे असे सांगण्यासारखे असते.

शिवाय हप्ता किती हे शहर ठरवतच नाही. कॅलपर्स ही राज्याची निवृत्तिवेतन संस्था अनेक शहरांच्या कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमाही चालवते आणि पुढच्या वर्षाचे दर तिचे मंडळ उन्हाळ्यात जाहीर करते. 2024 साठी सरासरी वाढ 10.95 टक्के होती आणि 2025 साठी 10.79 टक्के, म्हणजे दोन वर्षांत मिळून जवळपास 23 टक्के. विक्रीकराचे उत्पन्न या वेगाने वाढते असे आमच्या विभागातल्या कुणीही शपथेवर सांगणार नाही.

यात एक गंमतही आहे. कॅलपर्सच्या योजनेत सामील झालेल्या शहराने द्यायचा कायदेशीर किमान वाटा 2025 साली दर कर्मचाऱ्यामागे महिन्याला फक्त 158 डॉलर होता. प्रत्यक्षात शहरे याच्या कितीतरी पट देतात, मग ती वरची रक्कम वेगळ्या ‘कॅफेटेरिया प्लॅन’मधून, म्हणजे कर्मचाऱ्याने आपल्याला हवे ते लाभ निवडायच्या योजनेतून, का देतात? कारण या योजनेखाली ठरलेला वाटा सर्वसाधारणपणे निवृत्तांनाही द्यावा लागतो. किमान वाटा कमी ठेवून बाकीची भर फक्त नोकरीत असलेल्यांना दिली, की पुढच्या तीस वर्षांचे निवृत्तांचे ओझे हलके राहते. तुम्ही वाचलेल्या अहवालात दोन निरनिराळे आकडे दिसले असतील तर ते याचमुळे.

आता खरी मेख. आमच्याकडे पैशाच्या दोन जाती मानल्या जातात, दरवर्षीचा आणि एकदाचा. विम्याचा हप्ता सर्वसाधारण निधीतून दरवर्षी जातो, म्हणून तो अंदाजपत्रकात आधीच बसवलेला असतो आणि त्याला कुणी हात लावत नाही. सुरक्षित पार्किंग बहुधा राज्याच्या किंवा काउंटीच्या एकदाच मिळणाऱ्या अनुदानावर चालते, म्हणून ते दरवर्षी हात जोडून कौन्सिलपुढे उभे राहते आणि दरवर्षी त्यावर नव्याने भांडण होते. कौन्सिल सदस्यांना कर्मचाऱ्यांची काळजी अधिक आणि बेघरांची कमी, असा अर्थ मी तरी यातून काढणार नाही. मात्र हप्ते असेच वाढले तर उद्या कात्री पहिल्यांदा एकदाच्या पैशावर चालणाऱ्या गोष्टींनाच लागेल, हे मी गेल्या तीन अंदाजपत्रकांत पाहिले आहे.

तिरकस_पुणेकर:

इथे पुण्यात बसून वाचतो आहे. ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे, तीही झोपण्याइतकी मोठी, त्याला बेघर कसे म्हणायचे? विम्याचे मात्र लगेच समजले. मुंबई महापालिकेने 2015 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी गटविमा सुरू केला आणि हप्त्याच्या वादात 2017 मध्ये तो बंद पडला. त्यापेक्षा आमच्या पुणे महापालिकेची अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना बरी, असे माझे निवृत्त वडीलबंधू म्हणतात, अर्थात बिल मंजूर होईपर्यंत.

पारिजात:

पुणेकर, तुमची शंका इथल्या बैठकांतही दर वेळी कुणीतरी उपस्थित करते. अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या व्याख्येनुसार, जी जागा माणसाने नेहमी झोपण्यासाठी बनवलेली नाही, तिथे रात्र काढणारा माणूस आश्रयाविना आहे असे धरले जाते आणि त्यात मोटारगाडी स्पष्टपणे येते. जानेवारीत एका रात्री होणाऱ्या देशव्यापी मोजणीत 2024 साली 7,71,480 बेघर आढळले. गाडीत झोपलेले लोक या आकड्यात आहेत. आरव्हीला पलंग असतो हे खरे, पण रस्त्यावर तिला नळ नाही, मोरी नाही आणि पत्ताही नाही.

ओसरीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. लॉस एंजेलिसने 1983 पासून वाहनात राहण्यास बंदी घातली होती. 2014 मध्ये नवव्या परिमंडळाच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने ती रद्द केली. गाडीत राहणे हा हक्क आहे असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. नियम इतका संदिग्ध होता, की गाडीत जेवणारा किंवा पावसात आडोशाला बसलेला माणूसही त्यात सापडावा, असा आक्षेप होता. 2021 मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सिॲटलच्या एका खटल्यात त्याहून पुढचे पाऊल टाकले: ट्रकमध्ये राहणाऱ्या माणसाचा ट्रक हे त्याचे घर आहे, आणि तो टो केल्याबद्दल त्याच्या माथी मारलेली रक्कम त्याच्या ऐपतीच्या मानाने अतिरेकी दंड ठरते. पण तो निकाल त्या राज्यापुरता. उलट जून 2024 मध्ये ओरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सार्वजनिक जागेवर मुक्काम करण्यास बंदी घालणारे नियम वैध ठरवले, आणि तेव्हापासून शहरांना धीर आला आहे. सॅन फ्रान्सिस्कोने 2025 मध्ये मोठ्या वाहनांना दोन तासांची मर्यादा घातली.

आपल्या काउंटीतले उदाहरण हवे असेल तर माउंटन व्ह्यूकडे पाहा. तिथल्या कौन्सिलने 40 फूट किंवा त्याहून अरुंद रस्त्यांवर मोठी वाहने उभी करण्यास बंदी घातली, विरोधकांनी सह्या गोळा करून तो विषय मतदारांपुढे नेला, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांनी बंदीच उचलून धरली. मग खटला झाला, 2022 मध्ये तडजोड झाली आणि किमान तीन मैल लांबीचे रस्ते मोकळे ठेवण्याचे शहराने मान्य केले. ज्या गूगलसारख्या कंपन्यांत आपली अर्धी मंडळी नोकरी करतात, त्यांच्या अंगणातली ही गोष्ट आहे.

मी सुरक्षित पार्किंगच्या एका आवारात आठवड्यातून एक संध्याकाळ मदतीला जाते. तिथे संध्याकाळी फाटक उघडते आणि सकाळी सगळ्यांना बाहेर पडावे लागते. गाडीची नोंदणी आणि विमा चालू असल्याशिवाय प्रवेश नाही. नोंदणी संपून सहा महिने झालेली गाडी रस्त्यावरून थेट टो करण्याची परवानगी राज्याच्या वाहन कायद्यात आहे, म्हणजे ज्यांना आवाराची गरज सर्वांत जास्त, तेच बाहेर राहतात. मागच्या हिवाळ्यात एका बाईंची व्हॅन टो झाली तेव्हा त्यांचे इन्सुलिन आतल्या छोट्या शीतकपाटात होते. ते परत मिळायला दोन दिवस गेले आणि तोवर ते वापरण्याजोगे राहिले नव्हते.

या बाई एका शहराच्या उद्यान विभागात हंगामी कामावर होत्या. आठवड्याला तीस तासांपेक्षा कमी काम असेल तर विमा देण्याचे बंधन मालकावर नाही, आणि त्यांचे तास अठ्ठावीस होते. मेडी-कॅल या अल्प उत्पन्नवाल्यांसाठीच्या राज्याच्या आरोग्ययोजनेत त्या बसत होत्या, परंतु नूतनीकरणाचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले आणि नाव गळले. तेव्हा ज्या दोन विषयांबद्दल तुम्ही विचारता आहात, ते विषयपत्रिकेवर वेगळे असले, तरी या बाईंच्या बाबतीत ते एकाच व्हॅनमध्ये होते.

ओसरी:

दोघांचेही आभार. अठ्ठावीस तासांचे वाचून अहवाल पुन्हा उघडला. आमच्याकडे हंगामी आणि अर्धवेळ कर्मचारी एकूण किती, याचा उल्लेख त्यात कुठेच नाही. हे कौन्सिलला कधी विचारता येईल? पुढच्या महिन्यात आरव्हीचा विषय पुन्हा आहे, त्याच वेळी विचारले तर चालेल का?

जमाखर्च:

त्या विषयावर बोलताना विचारलेत तर महापौर विषयांतर म्हणून थांबवतील. बैठकीच्या सुरुवातीला विषयपत्रिकेवर नसलेल्या बाबींसाठी वेळ राखलेला असतो, तो घ्या. सदस्य त्यावर निर्णय देऊ शकत नाहीत, पण प्रश्न नोंदला जातो. आकडा हवा असेल तर नगर लेखनिकांकडे राज्याच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली लेखी मागणी करा. मिळेल की नाही, एवढे दहा दिवसांत कळवावेच लागते. मागणी करताना ‘तीस तासांखालील पदे, विभागवार’ असे लिहा. नुसते ‘अर्धवेळ’ लिहिलेत तर अर्धवेळ पण कायम पदांची यादी हातात पडेल, आणि हंगामी माणसे त्यात नसतील.