जोड बरोबरीची लागली पाहिजे

हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातल्या बॉक्सिंगच्या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की 2025 मध्ये इंग्लंडच्या डुब्वाला पुन्हा हरवल्यावर युक्रेनच्या उसिकने इंग्लंडच्याच फ्युरीशी तिसऱ्यांदा लढावं. मला नाही पटत. 2024 मध्ये मे आणि डिसेंबर, दोन्ही वेळा उसिकच जिंकला. आता तिसऱ्यांदा नवीन काय कळणार?

माझं मत जर्मन बॉक्सर आगित कबायेलला. मखमुदोव आणि सांचेझ हे हेवीवेट बॉक्सर दोघेही तोवर अपराजित होते, आणि दोघांनाही त्याने पोटावर, बरगड्यांवर मारून संपवलं. फेब्रुवारी 2025 मध्ये चीनच्या झांगने त्याला पाचव्या फेरीत खाली पाडलं होतं. हा उठला आणि सहाव्या फेरीत पोटावरच्याच ठोशाने सामना संपवला. आता उसिक आणि डुब्वाची 2023 ची पोलंडमधल्या व्रोत्सवाफची लढत आठवा. पाचव्या फेरीत डुब्वाचा ठोसा उसिकच्या कमरेच्या पट्ट्यावर बसला की त्याच्या खाली, यावर केवढा वाद झाला! पंचाने तो नियमबाह्य ठरवला आणि उसिकला सावरायला वेळ मिळाला. पोटावर सतत मारा झाला तर उसिक काय करेल, याचं उत्तर अजून खऱ्या अर्थाने मिळालेलंच नाही. ते कबायेलच काढू शकतो.

लहानपणी वडील मला मुळशीकडच्या जत्रांतल्या कुस्त्यांना न्यायचे. तिथे पंच दोन पैलवान शेजारी उभे करून जोड लावायचे, नावापेक्षा अंगातली तयारी बघायचे. हेवीवेटमध्ये मात्र तिकीट कुणाच्या नावावर खपतं ते आधी बघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उसिकचा जन्म 1987 चा. त्याच्या उरलेल्या मोजक्या लढतींपैकी एक कबायेलला मिळू दे.