आयबेक्स (डोंगरातले रानबोकड) बघायचे तर वर मुक्काम करा

इटलीतल्या आल्प्समधल्या ग्रान पारादिसो उद्यानात 'प्राणी दिसलेच नाहीत' असं कुणीतरी लिहिलंय, पण सकाळी अकराला चढायला लागल्यावर दिसणार तरी कसे? उन्हाळ्यात ऊन तापलं की आयबेक्स वरच्या कड्यांकडे सरकतात. चरताना बघायचे तर पहाट किंवा संध्याकाळ. म्हणून रिफुजिओत, म्हणजे डोंगरावरच्या निवाऱ्यात, एक रात्र काढाच. वाटा फारशा अंगावर येत नाहीत. बऱ्याचशा राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्या शिकारीसाठी बांधलेल्या आहेत ना! १८५६ साली राजाने हे रान स्वतःच्या शिकारीसाठी राखलं, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच आयबेक्स टिकले. राष्ट्रीय उद्यान झालं ते १९२२ मध्ये. दुर्बीण विसरू नका. मार्मोटची (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) तीक्ष्ण शिट्टी, म्हणजे धोक्याचा इशारा, ऐकू आली तर आकाशात गरुड शोधा.