स्प्रे टॅन शिकतेय, सामान काय काय घ्यावं आणि स्किन तयार कशी करून घ्यायची? (मु. शिरोडा)

शिरोड्याची_पोर
नमस्कार मंडळी. माझं शिरोड्यात छोटं पार्लर आहे, चार वर्षं झाली, थ्रेडिंग वॅक्सिंग फेशियल आणि सीझनला नवरीचा मेकअप. तेरेखोल ओलांडलं की गोवाच, तिकडे हरमल-मांद्र्याच्या बाजूला बीचवर लग्न करायला फॉरेनर येतात ना, तिथली एक मेकअपवाली ताई मला हाताखाली नेते. तिच्याकडे सारखी विचारणा असते की स्प्रे टॅन (म्हणजे गनने अंगावर सोल्युशन फवारून कातडी सोनेरी करायची) करता का, कारण या बायका थंडीतून विमानाने येतात, अंग पांढरंफटक आणि फोटो तर सोनेरी पाहिजेत. ताई म्हणाली तू शीक, कामं मी देते. म्हणून एक सेकंडहॅन्ड गन आणि सोल्युशनची बाटली घेतली, व्हिडिओ बघितले आणि मावसबहिणीला बसवलं.

काय सांगू. गुडघे आणि घोटे नारिंगी, पोटऱ्यांवर बारीक काळे ठिपके, पाठीवर घामाचे ओघळ उतरल्यासारखे पट्टे आणि दोन्ही तळहात असे की जणू रात्रभर सुपाऱ्या सोलल्यात. मी तिला सांगितलं होतं स्क्रब करून ये, ती बिचारी सकाळी बेसन आणि खोबरेल तेल चोळून आंघोळ करून आली, वॅक्स मीच दुपारी केलं आणि संध्याकाळी स्प्रे. आठवडाभर फुल बाह्यांचे ड्रेस घालून फिरली, माझ्याशी अजून नीट बोलत नाहीये.

तर गन बदलू का? त्यात दोष असेल का? आणि अजून काय सामान लागतं ते सांगा, उगाच महाग नको.

गजालीकार_मालवण
गो बाय, हय लोकां गोरां होवक हळद-चंदन फासतत, उन्हात जाताना तोंडार पदर घेतत आणि तू पैशे घेवन माणसांक काळा करतलंस? धंदो भारी आसा. माझा ऐक, त्या फॉरेनरांक किनाऱ्यार रापणीचा जाळा ओढूक पाठव, दोन दिवसांत फुकट टॅन गावतलो.

बोटीवरची_ताई
गजालीकार 😄 अगदी खरं आहे, मी दापोलीला पार्लर काढलं तर इथे सगळ्या डी-टॅनला येतात, आणि आठ वर्षं क्रूझ शिपच्या स्पामध्ये होते तेव्हा रोज टॅन लावत होते.

पोरी, गनला दोष देऊ नको. तू जे जे सांगितलंस त्यातली एकही गोष्ट गनने केलेली नाही, सगळं स्किनने केलंय. सोल्युशनमध्ये डीएचए असतं, ती एक प्रकारची साखर आहे. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी जुळते आणि तो थर तपकिरी होतो, पाव भाजताना वरची साल तांबूस होते ना, त्याच जातीची क्रिया (म्हणून टॅन लावल्यावर अंगाला बिस्किटासारखा वास येतो). आता विचार कर, मेलेला थर जिथे जाड तिथे रंग जास्त बसणार, म्हणजे गुडघे, कोपरं, घोटे, टाचा, बोटांचे सांधे. जिथे तेलाचा पडदा आहे तिथे तो आतच जाणार नाही. बेसनाने नुकसान नाही केलं, खोबरेलाने केलं. आपल्याकडच्या बायकांना हे पटवून देणं सगळ्यात अवघड जातं कारण आंघोळीआधी तेल म्हणजे आपल्याला स्वच्छताच वाटते.

आणि ठिपके आले ते वॅक्समुळे. वॅक्स झाल्या झाल्या केसांची भोकं उघडी असतात, रंग त्यात जाऊन बसतो. त्यात वॅक्सनंतर चिकटपणा काढायला तू तेल लावलं असशील, लावतोच आपण सगळ्या. म्हणून वॅक्स किंवा शेव्हिंग निदान 24 तास आधी, वॅक्सला मी तर 48 तास देते. स्क्रब आदल्या दिवशी, तेल नसलेलं, साधा खरखरीत हातमोजा आणि पाणी पुरतं. मग स्प्रेच्या दिवशी साधी आंघोळ, आणि नंतर काही नाही, क्रीम नाही, डिओ नाही, अत्तर नाही, मेकअप नाही. डिओ राहिला तर काखेत चट्टे पडतात.

सामानाचं म्हणशील तर

गन आणि टर्बाइन असलेलं एचव्हीएलपी मशीन, म्हणजे हवा भरपूर आणि दाब कमी. एअरब्रशने पण होतं पण एका अंगाला फार वेळ लागतो, तोपर्यंत आपल्या हवेत बाई घामाने भिजते. घेताना वॅट बघून घे, मे महिन्यात लाइट गेली आणि अर्धं अंग झालंय असं व्हायला नको, तुझ्या इन्व्हर्टरवर ते ओढेल का ते आधी इलेक्ट्रिशियनला विचार.

बॅरिअर क्रीम, म्हणजे जिथे रंग बसायला नको तिथे तो अडवणारं. हे तू वापरलंच नाहीस ना? तळहात, तळपाय, नखं, बोटांचे सांधे, कोपर, गुडघा, घोटा. हातापायावर लाव पण गुडघ्याकोपराला अगदी नावाला, बोटाच्या टोकाने, जाड थापलंस तर तिथे पांढरा डाग राहतो. सोल्युशन जेव्हा सुकत येतं तेव्हा तळहात ओल्या वाइपने पुसून घ्यायचे.

डिस्पोजेबल चड्ड्या, केसांची टोपी, पायाला चिकटवायचे तळवे, नाकात घालायचे फिल्टर, डोळ्यांना गॉगल, ओठांना लिप बाम, कापसाच्या काड्या. टॉवेल गडद रंगाचे. घडीचा तंबू मिळतो तो घे, नाहीतर भिंती आणि पडदे पण टॅन होतात, माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट त्यातच गेलं 🙈

एका अंगाला साधारण 50 ते 60 मिली पुरतं. अंतर एक वीत, हात सारखा हलता ठेवायचा, थांबलास की डाग... थांबलीस म्हणायचंय मला. पहिल्यांदा हलक्या टक्केवारीचं घे, 8 टक्क्यांचं. गोऱ्या कातडीला तेवढं बास होतं आणि चूक झाली तरी कमी दिसते.

शिरोड्याची_पोर
ताई खूप खूप आभार, सगळं लिहून काढलं. बॅरिअर क्रीम खरंच नव्हतं माझ्याकडे, मला वाटलं ते उगीच विकायला काढलेलं असतं. आणि हो, वॅक्सनंतर तेल लावलं होतं 🤦‍♀️

पण पाठीवरचे पट्टे? ते पण तेलच का? फॅन फुल स्पीडने चालू होता.

जिमवाला_कणकवली
पट्टे घामाचेच, मी सांगतो, अनुभवाने. आम्ही बॉडीबिल्डिंगवाले स्टेजसाठी टॅन मारतो, लाइटखाली कट दिसायला पाहिजेत म्हणून तुमच्यापेक्षा कितीतरी गडद, दोन तीन कोट. आदल्या रात्री मारायचा आणि आंघोळ न करता तसंच झोपायचं, जुनी चादर आणि सैल काळे कपडे. पहिल्या जिल्हा स्पर्धेला मी शहाणपणा केला, टॅन मारून बाइकवर गेलो, सॅक पाठीला, दमट हवा, उतरून शर्ट काढला तर दोन खांद्यांवर पट्ट्यांचे दोन पांढरे रस्ते. जज हसले नाहीत पण मागे बसलेली आमचीच पोरं हसली. तेव्हापासून पार्सल जीपमध्ये, टेकून न बसता 😅

मुलांचं काम पण घे ना तू, आमच्याकडे एकमेकांच्या पाठीला स्पंजने फासतात आणि निम्म्यांचं वाटोळं होतं. फक्त शेव्हिंग दोन दिवस आधी करायला लाव, सकाळी रेझर आणि संध्याकाळी टॅन म्हणजे झोंबतं पण आणि ठिपके पण.

बोटीवरची_ताई
बरोबर बोलला तो. फॅन चालू ठेवून स्प्रे करू नको, तुषार उडून भलतीकडे बसतात. खोली आधी एसीने गार करून घे, ड्राय मोड असेल तर तोच, क्लायंटला दहा मिनिटं नुसती बसव, घाम आटला की कागदी नॅपकिनने टिपून घे, पुसायचं नाही. आपल्या किनाऱ्यावर कातडी कधी पूर्ण कोरडी नसतेच, म्हणून पावसाळ्यात मी एक जाड थर देण्याऐवजी दोन पातळ देते. मग सुकेपर्यंत हात पंखासारखे पसरून उभी ठेवायची, काख आणि कोपराची घडी मिटली की तिथे रेघ.

सुकल्यावर सैल गडद कपडे. साध्या सोल्युशनला 8 तास पाणी नाही, झटपटवाल्याला 2 ते 4 तास, बाटलीवर दिलेलं असतं. पहिली आंघोळ कोमट पाण्याने, साबण न लावता. वरचा तपकिरी रंग वाहून जातो तेव्हा बायका घाबरतात, तो नुसता गाइड कलर असतो तुला कुठे मारलंय ते दिसायला. खरा रंग खालून पुढच्या 24 तासांपर्यंत चढत राहतो. टिकतो पाच ते सात दिवस, मग कातडी झडते तसा उतरतो, समुद्रात आणि स्विमिंग पूलमध्ये डुंबल्या तर त्याहून लवकर. लग्न असेल तर दोन दिवस आधी लाव, आणि पांढरा गाऊन असेल तर आदल्या दिवशी तर अजिबातच नको.

सोल्युशन फ्रीजमध्ये ठेव गं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटात नको. जुनं झालेलं डीएचए हिरवट रंग देतं. वापरायच्या आधी बाहेर काढून ठेव, गार फवारा अंगावर पडला की काटा येतो. आणि काम झालं की लगेच गनमधून कोमट पाणी मारून नॉझल सुई धुऊन टाक, साखर आहे, वाळली की चिकटून बसते.

औषधवाला_कुडाळ
मेडिकलवाला बोलतोय, जरा वेगळं. अमेरिकेच्या एफडीएने डीएचएला 1970च्या दशकापासून परवानगी दिलीय पण ती बाहेरून अंगाला लावायला. श्वासातून आत घ्यायला, डोळ्यात, ओठांवर किंवा आतल्या नाजूक त्वचेवर जायला नाही. म्हणून ते नाकाचे फिल्टर आणि गॉगल फालतू लाड नाहीत. क्लायंटपेक्षा तुम्हीच जास्त घेताय, ती एकदा येणार आणि तुम्ही दिवसाला चार जणींना फवारणार, तेव्हा मास्क तुम्ही पण लावा आणि हवा बाहेर ओढणारा पंखा बसवा. दमा असलेलीला, गरोदर बाईला डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. 24 तास आधी कोपराच्या आत एक ठिपका लावून बघा, सोल्युशनमधल्या वासाची पण ॲलर्जी असते कुणाकुणाला. उन्हाने भाजलेल्या कातडीवर तर नाहीच, ती सोलणार आणि रंग तिच्याबरोबर नकाशासारखा निघणार. आणि हे क्लायंटला तोंडाने सांगा, या टॅनने उन्हापासून संरक्षण मिळत नाही, सनस्क्रीन लागतंच.

गंमत म्हणून, हा शोध मेकअपवाल्यांनी लावलेला नाही. 1950च्या दशकात सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये एव्हा विटगेनस्टाइन नावाच्या बाई एका आजारासाठी मुलांना डीएचए प्यायला देत होत्या, ते अंगावर सांडलं की कातडी तपकिरी व्हायची आणि कपड्याला काही नाही. मग त्यांनी स्वतःच्या हातावर लावून बघितलं.

शिरोड्याची_पोर
दादा मास्कचं माझ्या डोक्यातच नव्हतं, थँक्यू. ताई एक शेवटचं, या फॉरेनर नवऱ्यांना, म्हणजे नवरींना 😂 मेंदी पण पाहिजे असते. पुढच्या महिन्यात एक आहे, मेंदी आणि टॅन दोन्ही. आधी काय करू?

बोटीवरची_ताई
आधी टॅन, पहिली आंघोळ होऊ दे, दुसऱ्या दिवशी मेंदी. उलटं केलंस तर स्क्रबने मेंदी फिकी होणार, आणि मेंदी रंगवायला आपण निलगिरीचं तेल लावतो ते टॅनला आडवं येणार. पण हाताला बॅरिअर क्रीम लावलेलं असेल ते साबणाने खसाखसा धुऊन घे, नाहीतर मेंदी पण चढणार नाही आणि तिची आई तुला धरेल. मेंदीवाली साखर-लिंबू लावत असेल तर तिला सांग मनगटाच्या वर जाऊ देऊ नको, लिंबाने टॅन उतरतो. आणि पहिल्याच कामाला हे करू नको, दोन तीन आठवडे आधी तिची ट्रायल जमत नसेल तर मावसबहिणीवर दोन्ही करून बघ.

शिरोड्याची_पोर
ती दार तरी उघडेल का आता 🙏 विचारते.

गजालीकार_मालवण
नाय उघडल्यान तर माका सांग, माझी पाठ आसा. पण पैशे मी घेतलंय.