एसआयव्हीवर पीएचडी करायची आहे, कुठल्या बाजूने शिरावं? सल्ला हवाय

पेट्रीबशी:
नमस्कार मंडळी, मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झालंय, प्रोजेक्ट एचआयव्हीवर होता पण सगळं प्लेटमधल्या पेशींवर. आता पीएचडी एसआयव्हीवर, म्हणजे माकड-चिंपांझींमधल्या एचआयव्हीच्या भाऊबंद विषाणूवर, करावी असं फार मनात आहे. पण वाचायला बसले की चक्रावून जायला होतं, कोणी लसीवर काम करतंय, कोणी शरीरात लपून बसलेल्या विषाणूवर, कोणी जंगलात चिंपांझींची विष्ठा गोळा करतंय, आणि सगळे स्वतःला एसआयव्हीवालेच म्हणवतात. प्रत्यक्ष माकडांसोबत काम करायला जमेल का हेही कळत नाहीये. शिवाय एचआयव्हीवर एवढी चांगली औषधं आलीत तर या विषयात अजून वीस वर्षं करिअर होईल का? जाणकारांनी प्लीज सांगा.

चौथा_पोस्टडॉक:
आधी प्रश्न ठरव मग प्राणी, उलटं करू नकोस. बरेच जण "मला माकडांवर काम करायचंय" म्हणून येतात आणि मग दुसऱ्याच्या ग्रँटमधला एक तुकडा हातात घेऊन पाच वर्षं बसतात.

माझ्या मते या विषयातला सगळ्यात भारी प्रश्न हा की एकाच विषाणूने एक माकड मरतं आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, हे का? सूटी मँगाबे आणि आफ्रिकन ग्रीन मंकी या आफ्रिकेतल्या माकडांच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, आजारी रीसस माकडांमध्ये असतो तेवढा, पण त्यांना सहसा एड्स होत नाही. तोच मँगाबेचा विषाणू आशियातल्या रीससमध्ये गेला की बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत एड्स. प्रयोगशाळांमध्ये जो एसआयव्ही-मॅक वापरतात तो मुळात असाच, बंदिस्त मँगाबेंकडून नकळत रीससमध्ये आलेला, आणि १९८५ मध्ये अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या प्रायमेट सेंटरमध्ये (माकडांवरच्या संशोधनाचं केंद्र) वेगळा केला गेला.

आधी लोकांना वाटायचं की मँगाबेची प्रतिकारशक्ती विषाणूला दाबून ठेवत असेल. तसं नाहीये! तिची प्रतिकारशक्ती सुरुवातीला चांगलीच खवळते पण काही आठवड्यांत शांत होते. रीससमध्ये आणि माणसात ती खवळलेलीच राहते, आतड्याचं अस्तर फाटतं, जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि त्याने आग आणखी पेटते. हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही त्यामुळे वीस वर्षांची काळजी सोड.

गोठ्यातला_डॉक्टर:
मी व्हेटरनरी. प्रायमेट सेंटरमध्ये बरीच वर्षं काढली, आता दुसरं काम करतो. जमेल का हा प्रश्न आधी विचारलात ते बरं केलंत, लोक तो शेवटी विचारतात.

पहिली गोष्ट म्हणजे पीएचडीचे विद्यार्थी सहसा माकडं हाताळत नाहीत, ते काम प्रशिक्षित स्टाफ आणि आम्ही करतो, तुमच्यापर्यंत रक्ताच्या नळ्या आणि बायोप्सीचे तुकडे येतात. पण प्रयोग संपतो तेव्हा बहुतेक वेळा प्राण्याला भूल देऊन संपवलं जातं आणि त्या दिवशी लिम्फ नोड, आतडं, प्लीहा घ्यायला तुम्ही तिथे असायला हवं. तेव्हा पोटात कालवतं आणि ते कालवणं थांबलं तर मला काळजी वाटते. एकदा तरी बघून या आणि मग सही करा.

दुसरं, सुरक्षा. मकाक माकडांमध्ये (रीसस त्यातलंच) बी व्हायरस असतो, त्यांना त्याने फारसं काही होत नाही पण माणसाला झाला आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर मेंदूपर्यंत जातो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका सेंटरमध्ये एका तरुण मुलीच्या डोळ्यात माकडाकडून काहीतरी उडालं आणि ती त्यातच गेली. तेव्हापासून डोळ्यांचं संरक्षण हा विषय कोणी हसण्यावारी नेत नाही. टीबीची तपासणीही ठरलेली, कारण माणसाचा टीबी माकडांच्या अख्ख्या कॉलनीत पसरू शकतो, म्हणजे तुम्ही त्यांच्यासाठी धोका आहात हे आधी डोक्यात घ्या.

आणि व्हेटरनरीवाले इथे फक्त इंजेक्शनं द्यायला असतात असं समजू नका. एचआयव्ही-२ (एचआयव्हीचा दुसरा, कमी पसरलेला प्रकार) सूटी मँगाबेच्या विषाणूच्या किती जवळचा आहे हे १९८९ मध्ये दाखवणाऱ्या पेपरच्या पहिल्या लेखिका व्हेनेसा हर्श या मूळच्या व्हेटरनरी डॉक्टर.

झाडाची_फांदी:
वरच्या दोघांनी घाबरवलं असेल तर माझा रस्ता बघ :) माझ्या संशोधनात एकाही प्राण्याला टोचावं लागत नाही. रानातल्या चिंपांझीची विष्ठा गोळा करायची, त्यातून अँटिबॉडी आणि विषाणूचा आरएनए काढायचा आणि मग कॉम्प्युटरवर वंशवृक्ष. बिअट्रिस हान यांच्या गटाने २००६ मध्ये असंच करून दाखवलं की एचआयव्ही-१ च्या जागतिक साथीमागच्या एम गटाचा पूर्वज आग्नेय कॅमेरूनच्या चिंपांझींमध्ये आहे. आणि चिंपांझींचा विषाणू तरी त्यांचा एकट्याचा कुठे, तो दोन वेगवेगळ्या माकडांच्या विषाणूंची सरमिसळ आहे, म्हणजे चिंपांझींनी माकडं मारून खाल्ली आणि तिथून घेतला असं मानतात.

माझी आवडती गोष्ट टांझानियातल्या गोंबे अभयारण्याची. बरीच वर्षं समज होता की रानातल्या चिंपांझींना या विषाणूने काही होत नाही. गोंबेत प्रत्येक चिंपांझी नावानिशी ओळखीचा, जन्म-मृत्यू लिहून ठेवलेले, त्यामुळे तुलना करता आली आणि २००९ मध्ये निघालं की लागण झालेल्यांचा मृत्यूचा धोका वयाचा हिशोब धरून १० ते १६ पट जास्त. दशकानुदशकं कोणीतरी रोज वही घेऊन डोंगरात हिंडलं म्हणून हे कळलं, नुसत्या सिक्वेन्सिंगमधून कधीच कळलं नसतं.

तोटा पण सांगते. परवाने, सीमा ओलांडून नमुने नेण्याचे कागद, स्थानिक सहकारी यात प्रचंड वेळ जातो. आणि ज्या देशातून नमुने येतात तिथल्या संशोधकांना फक्त आभारात टाकणाऱ्या लॅब अजूनही आहेत, अशांपासून लांब रहा. कोडिंग आत्तापासून शीक, नंतर वेळ मिळत नाही.

शंकासुर:
सगळे इतकं गोड बोलतायत म्हणून जरा मीठ टाकतो. मर्क कंपनीची एचआयव्हीवरची लस आठवा. माकडांमध्ये एसएचआयव्ही नावाच्या, एसआयव्ही आणि एचआयव्हीच्या संकरित विषाणूविरुद्ध छान चालली, माणसांमधली स्टेप ट्रायल २००७ मध्ये थांबवावी लागली, उपयोग शून्य आणि काही गटांमध्ये लागण उलट जास्त दिसली. मग माकडांवरून आपण नक्की काय शिकतो? चिंपांझींवरचं काम तर एनआयएचने (अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) बंदच केलं. ज्या न्यू इंग्लंड सेंटरचं नाव वर आलंय तेही २०१५ मध्ये बंद झालं. या विषयात करिअर बांधणं म्हणजे भरतीच्या रेषेत घर बांधणं.

चौथा_पोस्टडॉक:
@शंकासुर स्टेपचा मुद्दा बरोबर पण निष्कर्ष अर्धा. तो संकरित विषाणू लसीने अडवायला फार सोपा होता, त्याच धर्तीची लस कडक एसआयव्हीसमोर माकडांमध्येही ढेपाळली होती, म्हणजे चूक मॉडेलच्या निवडीत होती. दुसरी बाजू पण बघ ना, टेनोफोव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध आधी दिलं तर माकडांना एसआयव्हीची लागण होत नाही हे १९९५ मध्ये दिसलं, आज लागण टाळायला लोक ज्या गोळ्या घेतात त्याची पायाभरणी तिथली. लागण टाळायला दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं कॅबोटेग्राव्हिरचं इंजेक्शनही आधी मकाकमध्ये तपासलेलं.

आणि काही गोष्टी माणसात बघताच येत नाहीत. लागण नेमकी कुठल्या दिवशी झाली हे माणसात कोण सांगणार? रीससमध्ये तो दिवस आपणच ठरवतो, म्हणून तर २०१४ मध्ये कळलं की रक्तात विषाणू दिसायच्याही आधी, तिसऱ्या दिवशी उपचार सुरू केले तरी लपलेला साठा तयार झालेला असतो.

शंकासुर:
हं, हे मान्य. पण फंडिंगचं काय ते सांग की.

चौथा_पोस्टडॉक:
फंडिंगला उत्तर नाही, ते खरंच बेभरवशाचं आहे. माकडं महाग, चीनने २०२० मध्ये निर्यात थांबवल्यावर अजून महाग. भारताने तर १९७८ मध्येच निर्यात बंद केली, त्यामुळे "इंडियन रीसस" म्हणून जी पेपरात असतात ती अमेरिकेतच पैदास झालेली, आणि एसआयव्हीच्या कामात मागणी त्यांनाच जास्त.

पेट्रीबशी:
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे खूप आभार. मँगाबेवाला प्रश्न डोक्यात बसलाय, आतड्याच्या अस्तराचा भाग जास्तच. मग आधी काय वाचू आणि लॅबला मेल करताना काय लिहू?

चौथा_पोस्टडॉक:
आतडं आवडलं असेल तर १९९८ चा व्हीझींचा पेपर आणि २००५ चा मट्टापल्लिलांचा. पहिल्यात आतड्यातल्या सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या, विषाणू ज्यांवर हल्ला करतो त्या) लागणीनंतर काही दिवसांतच नाहीशा होताना दिसतात, दुसऱ्यात शरीरभरच्या मेमरी पेशींचं तेच. नंतर मँगाबेवर सिल्व्हेस्ट्री आणि ग्रीन मंकीवर पांड्रिया-अपेत्रेई यांचं काम शोध. वाचताना प्रत्येक गटात किती प्राणी होते ते बघ, बऱ्याचदा सहा-आठच असतात, आणि काहींमध्ये एमएचसीची (प्रतिकारशक्तीला विषाणू ओळखायला मदत करणारी) अशी जनुकं असतात की तो प्राणी आपसूकच विषाणू दाबतो, ते तपासून गट पाडले नसतील तर निकालावर फार विसंबू नकोस.

मेलमध्ये "मला तुमच्या कामात रस आहे" हे वाक्य टाकू नकोस, सगळे तेच लिहितात. त्यांच्या एका पेपरातल्या एका आकृतीबद्दल तुला खरोखर पडलेला प्रश्न लिही, चार ओळी पुरे.

गोठ्यातला_डॉक्टर:
आणि मुलाखतीला बोलावलं तर दोन गोष्टी तुम्हीच विचारा, प्राणी किती वर्षं पुरतील इतके मंजूर आहेत, आणि ग्रँट मध्येच संपली तर तुमच्या प्रोजेक्टचं काय. यावर प्राध्यापक गोलगोल बोलायला लागले तर त्यांच्याच लॅबमधल्या विद्यार्थ्यांना वेगळं गाठून विचारा.

झाडाची_फांदी:
+१. आणि जुन्या प्रयोगांचे साठवलेले नमुने कुठल्या फ्रीझरमध्ये आहेत ते पण विचार, अर्धी पीएचडी त्यातूनच निघते.